एका फीत दोघं

आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांवर माझा अजून राग आहे. शाहूपुरीत ज्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचा क्लास होता, तिथं आता मोबाईल दुरुस्तीची दुकानं आहेत. सर कोल्हापूर सोडून गेले. कुठं गेले ते मी विचारलं नाही. समोर आले तर मी रस्ता बदलीन. त्यांनी मला फसवलं म्हणावं, तर तसं काही नाही. मी जे मागितलं ते त्यांनी दिलं. माझा राग त्याचाच आहे.

मी जुन्या पंपांचा आणि मोटारींचा धंदा करतो. कुरुंदवाडच्या बाजूला नदीकाठी आमचं गाव. दहावीनंतर मला घरातून कुणी शिकवलं नाही. थोरल्याला कॉलेजात घातलं आणि मला मोटारी रिवाइंड करणाऱ्याच्या दुकानात. तांब्याच्या तारा गुंडाळत सहा वर्षं काढली, मग शाहूपुरीत स्वतःचं दुकान टाकलं. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. समोरच्यानं पहिला आकडा सांगितला की मी उठून उभा राहायचो. दुसरा सांगितला की चप्पल घालायचो. तिसऱ्याला तोच हाक मारायचा. ह्याच रीतीनं मी दुकानाची जागा घेतली, लग्नाचा हॉल घेतला, आणि ह्याच रीतीनं तो क्लासही लावला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एका गिऱ्हाइकानं पंपाच्या बदल्यात जुना कॉम्प्युटर आणि करकरणारा प्रिंटर माझ्या गळ्यात मारला होता. दुकानात तो टॉवेलाखाली झाकून पडलेला. शेजारचे पाइपवाले रोज विचारायचे, "शेठ, ह्यात पिच्चर तरी लागतोय का?" मला ते फार लागायचं. घेतलेली वस्तू मी कधी बसवून ठेवली नव्हती. गंजलेला पंपसुद्धा मी चालता करून विकत होतो, आणि हे पांढरं खोकं मला चालू करता येत नव्हतं.

बायको जयसिंगपूरची. बारावी सायन्स, गणितात वर्गात पहिली. निकाल लागला त्याच महिन्यात आमचं ठरलं. तिला शिक्षिका व्हायचं होतं. हे तिनं मला लग्नानंतर एकदाच सांगितलं आणि मी "बघू" म्हणालो. धंद्यात मी "बघू" म्हणालो की समोरचा समजून घेतो. तीही समजली असावी, कारण पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

क्लास लावायचं ठरवलं ते माझं मी. तिला बरोबर नेलं ते अशासाठी, की मला इंग्रजी वाचताना वेळ लागायचा आणि ते परक्या माणसासमोर दाखवायची माझी तयारी नव्हती. सर माझ्याहून आठदहा वर्षांनी लहान, शर्ट इस्त्रीचा, बोलणं सौम्य. त्यांनी फी सांगितली. मी उठून उभा राहिलो.

"सर, आम्ही दोघं येतो. मी आणि ही. एका फीत."

"असं कसं जमेल? दोघांना दोन मशीन लागतील."

"एकच मशीन. एकच खुर्ची. शेजारी एक स्टूल टाका. तुमच्याकडं नसंल तर माझ्या दुकानातनं आणतो."

सर हसले. बोटांनी टेबल वाजवत त्यांनी विचार केला. मी चप्पल घातली.

"बरं, या," ते म्हणाले. "पण सर्टिफिकेटही एकच मिळेल. परीक्षेचा फॉर्म पुण्याला हेड ऑफिसला जातो. एका फीवर एक नाव."

"चालतंय की."

"कुणाचं नाव लिहू?"

"माझं."

मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती भिंतीवरचा बॅचचा तक्ता वाचत होती. जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "मला आत बसायला मिळतंय ना, बास." मी खुशीत होतो. एका फीत दोघं, हा सौदा मी पुढचे चार दिवस पाइपवाल्यांना ऐकवत होतो.

दुपारी दोन ते तीन आमची वेळ. त्या तासात गिऱ्हाईक कमी असायचं. मी खुर्चीवर बसायचो, ती स्टुलावर. माऊस माझ्या हातात, वही तिच्या मांडीवर.

दुसऱ्या महिन्यात सरांनी पहिला खरा प्रोग्राम करायला सांगितला. पडद्यावर दोन चौकटी आणि एक बटण. चौकटीत दोन आकडे टाकायचे, बटण दाबलं की बेरीज आली पाहिजे. ती सांगत गेली तसं मी टाइप केलं. एका चौकटीत बारा टाकले, दुसऱ्या चौकटीत आठ, आणि बटण दाबलं. उत्तर आलं एकशे अठ्ठावीस.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा एकशे अठ्ठावीस.

"सर!" मी ओरडलोच. सगळा क्लास वळून बघायला लागला. "हे मशीन खराब आहे. बारा नि आठ एकशे अठ्ठावीस दाखवतंय. जन्म गेला माझा मशिनी बघण्यात. बिघडलेलं मशीन मला वासावरनं कळतं. दुसरं द्या."

सर येईपर्यंत ती हळूच म्हणाली, "अहो, मशीन बरोबर आहे. आपण टाकलेत ते अजून आकडे नाहीत."

"बारा म्हणजे आकडा न्हाय तर काय?"

"तुमच्या स्कूटरच्या पाटीवर नंबर आहे का नाही?"

"हाय की."

"आणि पाइपवाल्यांच्या स्कूटरवर?"

"त्यांच्या पण हाय."

"दोन्ही पाट्यांची बेरीज करता का कधी? करत नाही. शेजारी शेजारी लावल्या तर नुसत्या लांब दिसतील. चौकटीत आपण जे टाइप करतो ते ह्याला तसं दिसतं. पाटीवरची अक्षरं. त्याला सांगावं लागतं, की बाबा, ह्याचा आता आकडा कर."

सर तिच्या पाठीमागं उभे राहून ऐकत होते. मला वाटलं ते मला समजवायला पुढं येतील. ते पुढं आले नाहीत. "मॅडम, हे परत एकदा सांगा," ते म्हणाले, "मागच्या दोघींना पण कळू दे." तिनं परत सांगितलं. मागच्या मशीनवरच्या दोन्ही मुली माना डोलावत होत्या. मी पडद्याकडं बघत बसलो.

मग सरांनी फळ्यावर दोन रस्ते लिहून दिले. अक्षरांचा पूर्ण आकडा करणाऱ्या एका शब्दाला ते सीइंट म्हणायचे. तो कडक होता. चौकटीत आकड्याखेरीज काही सापडलं, किंवा चौकट रिकामी राहिली, की तो तिथंच थांबायचा आणि पडद्यावर टाइप मिसमॅच अशी पाटी यायची. दुसरा शब्द व्हॅल. तो मऊ. डावीकडून जेवढा आकडा कळेल तेवढा घ्यायचा, पुढचं सोडून द्यायचं. रिकामी चौकट असली तर शून्य धरायचा. तक्रार करायची नाही. तिनं दोन्ही वहीत उतरवून घेतले. मी म्हणालो, तक्रार न करणारा बरा.

मार्चमध्ये सरांनी मला बाजूला घेतलं. जूनपासून त्यांना फक्त बायकांची एक बॅच काढायची होती आणि शिकवायला बाईच हवी होती. "वहिनी शिकवतील तर माझं काम होईल," ते म्हणाले. "त्यांना समजावून सांगता येतं. पण पुण्याचा नियम आहे, शिकवणाऱ्याकडं त्यांचं सर्टिफिकेट पाहिजे. फॉर्म एप्रिलमध्ये जाईल. तेवढं नाव बदलून मॅडमचं लिहू. तुम्हाला सर्टिफिकेट घेऊन काय करायचंय?"

"बघू," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं. खरं तर सांगायचं नव्हतं, पण सरांनी तिलाही सांगितलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती चपात्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "दुपारचाच एक तास आहे. अव्वांची जेवणं उरकून जाईन. दुकानाचं काही अडणार नाही." अव्वा म्हणजे माझी आई. तिनं सगळा हिशेब आधीच करून ठेवला होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि माझ्याकडं तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हणालो, "एप्रिल लांब आहे अजून."

परीक्षेआधी प्रत्येकानं स्वतःच्या मनानं एक प्रोग्राम करून दाखवायचा होता. मला गावाकडचं सुचलं. आमच्या गावात नदीवरून पाणी उचलून शेताला देणारी संस्था आहे. कुणाला किती तास पाणी, हे ठरलेलं असतं. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. सगळ्यांच्या वेळा लावून पाळीचा तक्ता करायचा आणि तो पाटकऱ्याच्या हातात द्यायचा. पाटकरी म्हणजे शेतावर पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. तो तक्ता संस्थेचे सेक्रेटरी दर पाळीला हातानं लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. ज्या गावानं मला तारा गुंडाळायला पाठवलं, त्या गावाच्या संस्थेला कॉम्प्युटरवर तक्ता करून द्यायचा, ह्या विचारानं मला झोप लागेना. आण्णांना निरोप धाडला.

प्रोग्राम तिनं लिहिला. एक चौकट तासांची, एक मिनिटांची. दोन्हींचा पूर्ण आकडा करायचा, मिनिटांत बेरीज करायची, आणि एकाची वेळ संपली की दुसऱ्याची सुरू होते ती वेळ छापायची. तिनं कडक शब्द वापरला होता. दुकानात मी करून बघायला बसलो. तास दोन टाकले, मिनिटं काही नव्हती म्हणून चौकट रिकामी सोडली. झालं, टाइप मिसमॅच. पुन्हा चालू केलं, पुन्हा विसरलो, पुन्हा पाटी.

"हे काढून टाक," मी म्हणालो.

"रिकामं ठेवू नका. तिथं शून्य टाका."

"मिनिटं न्हाईत तर न्हाईत. शून्य कशाला टाकायचं? उद्या आण्णांसमोर ही पाटी आली तर माझी काय किंमत राहील?"

"ती पाटी आपल्या भल्यासाठीच आहे. काहीतरी चुकीचं गेलं तर कळतं."

"मला न्हाय चालत. गप बसणारं काय ते कर."

माझा आवाज चढला होता. पाइपवाले डोकावले. तिनं दोन ठिकाणी शब्द बदलला. मग पाटी आली नाही.

पुढच्या आठवड्यात तिची बहीण बाळंत झाली म्हणून ती दोन दिवस जयसिंगपूरला गेली. जाताना सांगून गेली, "आण्णा कागद घेऊन आले तर ठेवून घ्या. मी आल्यावर भरते." आण्णा दुसऱ्याच दिवशी आले. चहा झाला. कागद त्यांनी काचेवर पसरला. मी टॉवेल काढला. समोर बसलेल्या माणसाला, बायको आल्यावर करतो, असं कसं सांगायचं?

आण्णांची लिहायची पद्धत जुनी. सव्वा दोन तास म्हणजे दोनापुढं एक उभी रेघ, अडीच म्हणजे दोन रेघा, पावणेतीन म्हणजे दोनापुढं तीन रेघा. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांचे सगळे कागद असेच. मीही वडिलांकडून तसंच शिकलो. कीबोर्डवर उभी रेघ सापडेना, तेव्हा आण्णांनीच बोट ठेवून दाखवली.

"आरं, ही काय! आपली रेघ हाय की ह्याच्यावर!" त्यांना फार आनंद झाला. "म्हंजे हे बनवणाऱ्याला आपली रीत ठावं हाय."

मला तेव्हा ते इतकं पटलं की मिनिटांच्या चौकटीकडं मी बघितलंच नाही. आण्णा वाचत गेले, मी तासांच्या चौकटीत कागदाबरहुकूम टाकत गेलो. दोन आणि दोन रेघा. एक आणि एक रेघ. तीन आणि तीन रेघा. मिनिटं रिकामी. एकदासुद्धा पाटी आली नाही. प्रिंटरनं लांबलचक कागद ओकला. आण्णांनी शेवटची ओळ बघितली आणि मांडीवर थाप मारली.

"पाळी दीड दिस आधी संपतीया की! हातानं लिवताना कुठं वेळ जात हुता कुणास ठावं."

तो वेळ कुठं गेला, हे मी त्यांना विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. त्यांना बसस्टँडपर्यंत स्कूटरवर सोडलं.

बायको परत आली तेव्हा मी सांगितलं, तक्ता दिला पण. ती म्हणाली, "एकदा बघू द्या." मी म्हणालो, "झालं ते काम. सगळं तुझ्याच हातानं व्हायला पाहिजे काय?" ती बघायची राहिली.

नऊ-दहा दिवसांनी, शनिवारी दुपारी, आण्णा दोन शेतकऱ्यांना घेऊन दुकानात आले. ह्या वेळी चहाला कुणी हात लावला नाही.

"काय हो शेठ," त्यातला थोराड होता तो म्हणाला, "तुमचं कॉम्प्युटर अर्धा अर्धा तास खातंय व्हय? माझी पाळी अडीच तासाची. दोन तासांत पाटकऱ्यानं पाणी तोडलं. खालचं चार वाफं कोरडं ऱ्हायलं. त्याला इचारलं तर कागद दाखवतोय."

"माझं पावणेतीन हुतं, त्याचं बी दोनच क्येलंय," दुसरा म्हणाला. "गावात मारामारी व्हायची ऱ्हायलीया. त्यो पाटकरी बिचारा तोंड लपवतोय."

मला राग आला. बायको क्लासला गेलेली होती. "चला," मी म्हणालो, "ज्यांनी शिकवलं त्यांनाच विचारू." फ्लॉपी घेतली, तक्ता घेतला आणि तिघांना घेऊन दोन मजले चढलो. क्लास भरलेला होता. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली.

"सर, तुमच्या शिकवण्यानं माझी गावात अब्रू गेली."

सरांनी शांतपणे फ्लॉपी घातली. आण्णांनी विचारलं, "पर हे लिवलं कुणी?"

"हिनं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. प्रोग्राम तिनंच लिहिला होता. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती स्टुलावरून उठली आणि खुर्चीत बसली. तिथं एरवी मी बसायचो. भरलेली माहिती तिनं जशीच्या तशी उघडून बघितली. दोन आणि दोन उभ्या रेघा. एक आणि एक उभी रेघ. पानभर. तिनं मान वळवून माझ्याकडं एकदा बघितलं. फार वेळ नाही. मग पडद्याकडं वळली.

"आण्णा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "ह्याला रेघा कळत नाहीत. रेघेपर्यंतचा आकडा तो घेतो आणि पुढचं सोडून देतो. म्हणून अडीचचे दोन झाले आणि पावणेतीनचेही दोनच झाले. आत काय टाकलंय ते मी तपासून घ्यायला पाहिजे होतं. तपासलं नाही. एक तास थांबा, सगळं नीट करून देते."

टाकलं कुणी, हे तिनं सांगितलं नाही. गप बसणारं काय ते कर, असं कोण म्हणालं, तेही नाही. कागद शेजारी ठेवून ती एकेक नाव दुरुस्त करायला लागली. तासांच्या चौकटीत तास, मिनिटांच्या चौकटीत मिनिटं. थोराड शेतकरी तिच्या मागं उभा राहून बघत होता. थोड्या वेळानं तो हसून म्हणाला, "सूनबाईला समदं येतंय की. मग शेठ, तुमी क्लासात काय शिकला?"

मागच्या मशीनवरच्या मुली हसल्या. आण्णाही हसले. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही, हे मला आज कळतं. त्या वेळी कानशिलं तापली होती.

सरांनी बहुतेक मला सावरायचं म्हणून विषय बदलला. "चूक सापडायला मला वेळ लागला असता," ते म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, बॅच मॅडमनाच देऊ या. परवा सोमवारी फॉर्म बंद करायचे आहेत. शेठ, बोला. नाव बदलू ना?"

चारचौघांत विचारलं. माझ्या गावच्या माणसांसमोर विचारलं. एकट्यात विचारलं असतं तर, असं मी कितीदा मनाशी म्हटलंय. एकट्यात मी आणखी दोनदा "बघू" म्हणालो असतो आणि मग कदाचित हो म्हणालो असतो. तिथं मला एकच दिसत होतं. आता हो म्हणालो, तर क्लासात तुम्ही काय शिकलात, ह्या प्रश्नाला मी स्वतःच उत्तर दिल्यासारखं होईल.

"ठरलंय ते ठरलंय," मी म्हणालो. "एक फी, एक नाव. माझं."

कीबोर्डवर तिची बोटं थांबली नाहीत. सर म्हणाले, "बरं. जसं तुमचं म्हणणं." घासाघीस नाही, दुसरा आकडा नाही, काही नाही. माझ्यासारख्या माणसाशी सौदा करताना त्यांनी एकदा तरी ताणून धरायला पाहिजे होतं. इतकी वर्षं मी चप्पल घालून लोकांना हाक मारायला लावलं, आणि ज्या दिवशी कुणीतरी मला अडवायला हवं होतं, त्या दिवशी त्यांनी मान डोलावली.

रविवारी ती नेहमीसारखी होती. सोमवारी दोन वाजता मी म्हणालो, "चल." ती म्हणाली, "तुम्ही जा. मला काम आहे." मी गेलो. एकटा बसलो. त्या दिवशीचा प्रोग्राम मला समजला नाही, आणि विचारायला शेजारी कुणी नव्हतं. मंगळवारी तेच. मी नुसता माऊस हलवत तास काढला. सर दोनदा शेजारून गेले, काही बोलले नाहीत. मीही मान वर केली नाही. घरी ती अव्वांशी बोलत होती, स्वयंपाक करत होती. माझ्याशी बोलायची तेवढं बोलत होती. रुसवा नव्हता. रुसवा असता तर मी तो काढला असता, ते मला जमतं.

बुधवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मी क्लासला गेलो. सर फळा पुसत होते.

"सर, ते नाव बदलायचं होतं."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "फॉर्म काल दुपारी गेले."

"मग पुण्याला फोन लावा. चिठ्ठी लिहा. काय लागंल ते मी देतो."

"एकदा फॉर्म गेला की ते नाव बदलत नाहीत, शेठ."

"काल दोन ते तीन मी इथंच बसलो होतो. फॉर्म जाताना एका शब्दानं विचारायचं तरी."

"मी शनिवारी विचारलं होतं," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "पुढच्या वर्षी मॅडमना बसवा. वेगळी फी भरून. बॅच मात्र मला जूनमध्ये सुरू करायचीय."

मी त्यांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्या इमारतीत तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. ते ऐकत उभे राहिले. मी खाली आलो, दुकान उघडलं आणि एका गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवलं. ज्या बॅचसाठी ते सगळं होतं, ती बॅच जूनमध्ये सुरू झाली. शिकवायला सांगलीची एक मुलगी आली.

पुढच्या वर्षी बायको परीक्षेला बसली नाही. मी एकदा म्हणून बघितलं. "आता नको," ती म्हणाली. "अव्वांना दिसत नाही हल्ली, दुपारी घरात कुणी पाहिजे." ते खरंच होतं.

परीक्षा मी दिली. कसाबसा पास झालो, की सरांनी केलं, माहीत नाही. पावसाळ्यात सर्टिफिकेट आलं. ते मी दुकानातच ठेवलं, घरी नेलं नाही. तिनं एकदा जेवताना विचारलं, "आलं का हो ते?"

"आलं."

"नाव नीट लिहिलंय ना? इंग्रजीत आडनाव चुकवतात."

"नीट लिहिलंय."

"मग बरं," असं म्हणून तिनं भात वाढला.

मधे बरीच वर्षं गेली. जुना कॉम्प्युटर मी मोडीत काढला, नवा घेतला. दुकानाची बिलं आता तीच त्याच्यावर करते. बसल्या जागी बिघडलेलं नीट करते, शेजारच्या दुकानातले येऊन तिलाच विचारतात. पाइपवाल्यांच्या सुनेला तिनं घरी बसवून शिकवलं. ती सून पुढं एका पतसंस्थेत लागली आणि पेढे घेऊन आली. तिनं पाया पडताना "मॅडम" म्हटलं. बायको म्हणाली, "मॅडम कसली, काकू म्हण."

त्या दिवशी संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स समोर घेऊन आम्ही दोघं बसलो होतो. अव्वा तेव्हा नव्हत्या. तिनं एकदम म्हटलं, "तुम्ही एकदा तरी सरांना विचारायचं होतं."

कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. "विचारून काय झालं असतं?" मी म्हणालो.

"व्हायचं काही नाही. विचारलं असतं, एवढंच."

मी विचारलं होतं. तोंडापर्यंत आलं. पण विचारलं होतं असं सांगितलं, की ती पुढं विचारणार, कधी? आणि मग मला बुधवार म्हणावं लागणार. सोमवारी नाव बदलता आलं असतं, मंगळवारी सकाळीही आलं असतं, आणि ते दोन्ही दिवस मी रिकाम्या स्टुलाशेजारी माऊस हलवत बसलो होतो, हे तिला कळणार. आज तिला वाटतं की माझ्या मनातच आलं नाही. ते तसंच राहू दे, असं मी ठरवलं.

मी बॉक्स तिच्याकडं सरकवला. तिनं एक पेढा घेतला, अर्धा मोडला, आणि अर्धा बॉक्समध्ये परत ठेवला.